दादांचा कागद

(पालम येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत दादांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे, कागद आहेत. १९४८ पर्यंत आपला परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीचा कारभार उर्दूत, वरच्या वर्गांचं शिक्षणही उर्दूत. पुढे अब्बा मराठी शाळेत गेले, मीही गेलो. मकतबात अरबी अक्षरं शिकलो, पण ती सुटसुटीत नस्खमधली. दादा लिहायचे नस्तालिकमध्ये. तिथे एकाच 'बे'चा आकार शेजारच्या अक्षराप्रमाणे बदलतो. त्यामुळे त्यांचं अक्षर मला लागायचं नाही.

मग मी तो कागद चित्र म्हणूनच पाहायचो. उजवीकडून उतरत येणाऱ्या रेषा, वर उडालेले ठिपके. एक कागद इतका आवडला की मोबाइलचा वॉलपेपर केला. एकदा गल्लीतल्या बुजुर्गांनी तो पाहिला आणि वाचून दाखवला. ती दादांनी घेतलेल्या कर्जाची पावती होती. बदल्यात जवार द्यायची होती.

तेव्हा मला सय्यद हैदर रझांचं चित्र आठवलं. रझांचा जन्म १९२२ चा, मध्य प्रदेशातला. शिक्षण नागपूरला, मग मुंबईच्या जे. जे. मध्ये, आणि १९५० मध्ये पॅरिस. त्यांचं १९८१ चं 'माँ' हे अमूर्त चित्र आहे, आणि त्यात देवनागरीत एका हिंदी कवितेची ओळ लिहिलेली आहे. पॅरिसच्या माणसाला ती ओळ म्हणजे एका दांडीला टांगलेल्या आकृत्या. आपल्याला मात्र ती न वाचता राहताच येत नाही. डोळा रंगावरून उठतो आणि अक्षरावर बसतो. अमूर्त चित्रात अर्थ शोधू नये म्हणतात. इथे तो शोधावा लागत नाही, आपोआप कानात येतो.

(शाळेत मला विचारायचे, "तुमची लिपी तर उर्दू ना?" रझांचं हे चित्र तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं.)

माझ्या धंद्यातलं एक सांगतो. संगणकाला 'क' दिसत नाही. त्याच्याकडे फक्त क्रमांक असतो, युनिकोडमध्ये ०९१५. आकार येतो फॉन्टमधून. विंडोजवरचा 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशींनी घडवला, आणि ते स्वतः कवी आणि सुलेखनकार होते. म्हणजे यंत्राकडे क्रमांक आहे, आकार नाही. दादांच्या कागदापुढे माझं नेमकं उलटं होतं.

गेल्या रमजानपासून रोज एक ओळ लावतोय. 'जवार' आता लांबूनही ओळखू येते. गंमत म्हणजे कागद पहिल्यासारखा नुसता सुंदर दिसत नाही, आणि मला त्याची थोडी हळहळही वाटते. वॉलपेपर मात्र तोच आहे.

तुमच्या घरीही अशी पेटी असेल. वाचून दाखवणारी माणसं आता थकली आहेत, या सुट्टीतच त्यांच्याकडे जा. आणि फोटो काढताना कागदाची मागची बाजूही घ्या. आमच्या पावतीवर व्याज मागेच लिहिलं होतं.