लंडनमध्ये शिकताना राहावे कोठे?

(परदेशी शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे पालक व शिक्षक यांच्यासाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती आले की घरात आनंदीआनंद होतो. फी, शिष्यवृत्ती, व्हिसा, विमानाचे तिकीट यांची चर्चा महिनोन्‌महिने चालते. मुलगा किंवा मुलगी तेथे नेमकी कोणत्या वस्तीत राहणार, हा प्रश्न मात्र बहुधा शेवटच्या आठवड्यात निघतो आणि कोणा परिचिताच्या परिचिताकरवी घाईघाईने मिटविला जातो. वास्तविक या प्रश्नावर विद्यार्थ्याचा पैसा, प्रकृती आणि अभ्यास ही तिन्ही अवलंबून असतात. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या शासकीय योजनांमुळे, तसेच बँकांच्या कर्जामुळे, आज घरातील पहिलाच पदवीधर थेट परदेशी जाऊ शकतो. त्याच्या घरी सल्ला देणारे अनुभवी माणूस नसते. म्हणून शिक्षकांनी आणि गावच्या जाणत्या मंडळींनी हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

पूर्वसूरींचा अनुभव

लंडनमध्ये जागा निवडण्याचा प्रश्न भारतीय विद्यार्थ्यांना नवा नाही. महात्मा गांधी १८८८ ते १८९१ या काळात तेथे बॅरिस्टरीचा अभ्यास करीत होते. खर्चाचा हिशेब मांडल्यावर त्यांनी एका कुटुंबातील वास्तव्य सोडले आणि कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी पोचता येईल अशा बेताने खोल्या घेतल्या. गाडीभाडे वाचले आणि चालण्याचा व्यायामही घडला, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे.

भारतीयांना खोली नाकारणारी घरे त्या काळी पुष्कळ होती. ही अडचण ओळखून पंडित श्यामजी कृष्ण वर्मा यांनी १९०५ साली हायगेट भागात ‘इंडिया हाऊस’ हे वसतिगृह उघडले. १९०६ साली लंडनला गेलेले स्वातंत्र्यवीर सावरकर तेथेच राहिले. त्या घरातील सहवासाने अनेक तरुणांच्या आयुष्याला कोणते वळण लागले, हे इतिहासाला ठाऊक आहे. राहण्याची जागा निवडणे म्हणजे संगत निवडणे होय, याचे याहून मोठे उदाहरण सापडणार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये प्रिमरोज हिलजवळच्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहत. पैशाची ओढाताण आणि अपुरे अन्न अशा स्थितीतही ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात ते बंद होईपर्यंत त्यांचा अभ्यास चाले. हे वाचनालय त्या घरापासून साधारण चार किलोमीटरांवर, म्हणजे चालत तासाभराच्या आत होते. १९२३ साली त्यांनी डी.एस्सी. ही पदवी मिळविली. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली हे घर विकत घेतले असून तेथे त्यांचे स्मारक उभे आहे.

भाडे आणि वेळ यांचा एकत्र हिशेब

आजचे लंडन त्या वेळेपेक्षा फार विस्तारले आहे. भुयारी रेल्वेच्या भाड्यासाठी शहराचे झोन पाडलेले आहेत. मध्यवर्ती भाग पहिल्या झोनमध्ये येतो. मध्यापासून जसजसे दूर जावे तसतसे घरभाडे सामान्यतः उतरते आणि प्रवासखर्च चढतो. बसचे भाडे मात्र अंतरानुसार बदलत नाही. त्यामुळे थेट बस असलेली वस्ती कित्येकदा रेल्वेजवळच्या वस्तीपेक्षा किफायतशीर ठरते. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना विद्यार्थी ओळखपत्रावर मुदतीच्या प्रवासपासांत ३० टक्के सवलत मिळते.

परंतु केवळ पैशाचा हिशेब अपुरा आहे. जाण्यास दीड तास आणि येण्यास दीड तास लागत असेल, तर पाच दिवसांत पंधरा तास प्रवासात जातात. विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रकाळात आठवड्यास जास्तीत जास्त वीस तासच काम करता येते. हे काम, वर्ग आणि पंधरा तासांचा प्रवास यांतून ग्रंथालयासाठी काय उरणार? पदव्युत्तर अभ्यासक्रम तर बहुधा एकाच वर्षाचा असतो. स्वस्त खोली अशा वेळी सर्वांत महाग पडते.

पहिले पाऊल म्हणून वर्ग नेमके कोठे भरतात याची खात्री करावी. उदाहरणार्थ, युनिव्हर्सिटी कॉलेजचे मुख्य संकुल मध्यवर्ती ब्लूम्सबरी भागात आहे. पण २०२२ पासून त्याचे दुसरे संकुल पूर्वेकडील स्ट्रॅटफर्ड येथे सुरू झाले आहे. विद्यापीठाच्या नावावरून घर शोधणारा विद्यार्थी येथे फसू शकतो.

आपल्या माणसांची वस्ती

साउथॉलमध्ये पंजाबी, वेम्बली व हॅरोमध्ये गुजराती आणि ईस्ट हॅममध्ये दक्षिण भारतीय मंडळींची मोठी वस्ती आहे. तेथे डाळ, तांदूळ, मसाले सहज मिळतात आणि आजारपणात धावून येणारे शेजारी लाभतात. नवख्या विद्यार्थ्याला हा आधार लहान नाही. मात्र दिवसभर आपल्याच भाषेत व्यवहार करणाऱ्याचे इंग्रजी सुधारत नाही आणि वर्गमित्रांशी परिचयही वाढत नाही. यावर मध्यम मार्ग आहे. पहिले काही महिने विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा फिट्झरॉय स्क्वेअर येथील इंडियन वाय.एम.सी.ए.सारख्या जुन्या संस्थेत राहावे, शहर पाहून घ्यावे आणि मग वस्ती ठरवावी. डॉलिस हिल येथील महाराष्ट्र मंडळात सणावाराला जाता येते. त्यासाठी शेजारीच राहावे लागत नाही.

कायद्याचे संरक्षण

वंश किंवा वर्ण पाहून घर नाकारणे ब्रिटनमध्ये १९६८ च्या कायद्याने बेकायदेशीर ठरले. भाडेकरूच्या हिताचे इतरही नियम आहेत. २०१९ च्या कायद्यानुसार इंग्लंडमध्ये अनामत रक्कम सर्वसाधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही. घरमालकाने ती ३० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवावयाची असते. मात्र मालकाच्याच घरात एक खोली घेऊन राहणाऱ्यास अनामतीचे हे संरक्षण सामान्यतः मिळत नाही. वेगवेगळ्या कुटुंबांतील पाच किंवा अधिक माणसे एका घरात राहत असतील, तर घरमालकाला परवाना लागतो आणि अशा घरात एका प्रौढाच्या झोपण्याच्या खोलीचे क्षेत्रफळ किमान ६.५१ चौरस मीटर असावे लागते. एका खोलीत चौघांना कोंबणारा सौदा स्वस्त असला, तरी तो नियमबाह्य असण्याचा संभव असतो.

आणखी एक बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. घरातील सर्वजण पूर्णवेळ विद्यार्थी असतील, तर स्थानिक संस्थेचा ‘कौन्सिल टॅक्स’ माफ असतो. नोकरी करणारा एक जरी प्रौढ सोबत राहिला, तरी घराला या कराची आकारणी होऊ शकते. सोबती ठरवितानाच हे विचारावे.

खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय किंवा विद्यापीठाच्या निवास-कार्यालयाकडून खात्री करून घेतल्याशिवाय अनोळखी व्यक्तीच्या खात्यात पैसे पाठवू नयेत. खोली पाहताना भिंतींची ओल पाहावी आणि उष्णतेचा खर्च भाड्यात धरला आहे काय, हे लेखी घ्यावे. डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून स्थानकापासून घरापर्यंतचा रस्ता अंधार पडल्यावर एकदा चालून पाहावा. कोणत्या रस्त्यावर कोणते गुन्हे नोंदले गेले, याचा नकाशा तेथील पोलीस सर्वांसाठी प्रसिद्ध करतात. तोही पाहावा. राहण्यास गेल्यावर लगेच जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवावे; या नोंदणीस शुल्क नाही.

गावाचे कर्तव्य

गावातून विद्यार्थी परदेशी निघाला की त्याचा सत्कार होतो, आणि तो व्हावाही. त्याच दिवशी शिक्षकांनी किंवा पंचायत सदस्यांनी त्याच्यासोबत बसून एका कागदावर पाच गोष्टी लिहून घ्याव्यात: वर्गांचा पत्ता, खोलीचा पत्ता, दोहोंमधील प्रवासाचा वेळ, भाडे व प्रवास मिळून महिन्याचा खर्च, आणि अनामत कोठे ठेवली जाणार याचा तपशील. या पाचांपैकी एकाही गोष्टीचे उत्तर मिळत नसेल, तर पैसे पाठविण्यापूर्वी विद्यापीठाला पत्र लिहून ते मिळवावे. त्या कागदाची एक प्रत विद्यार्थ्याजवळ आणि एक घरी आई-वडिलांजवळ राहू द्यावी.