माहेरपण आणि मॅरेथॉन

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पहिली मॅरेथॉन धावलेली माजी विद्यार्थिनी म्हणून मला येथे बोलावले आहे. 42.195 किलोमीटर म्हटले की लोक पायांविषयी विचारतात. मला झोपेविषयी बोलायचे आहे.

मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत असते. त्यामुळे दिवाळीची सुट्टी ऐन सरावात येते; लांब पल्ल्याची धाव वाढवत नेण्याचे हेच आठवडे. त्या सुट्टीत मी भाऊबीजेला बेंगळुरूला, जयनगरात दादाकडे गेले आणि बारा दिवस राहिले.

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. तेवढ्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फारशा वाढत नाहीत. त्यासाठी खेळाडू साधारण दोन हजार मीटर किंवा त्याहून उंच ठिकाणी जातात. येथला लाभ गारव्याचा. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर तापते आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. लालबागेतल्या सकाळच्या वेगाचा भरवसा पेडर रोडच्या चढावर धरण्यात अर्थ नव्हता. म्हणून मी घड्याळ न पाहता, बोलता बोलता धावता येईल इतक्या संथपणे धावत असे. त्या बागेतला खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे. त्याच्यापुढे माझी मिनिटे कोण मोजणार!

धावेचे फळ धावताना मिळत नाही. धावताना स्नायूंना बारीक इजा होते, त्यांतला साखरेचा साठा सरतो. दुरुस्ती होते ती नंतर, विशेषतः गाढ झोपेत. साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर आधी मॅरेथॉन धावत. पुढे त्यांनी बेंगळुरूच्या क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात सराव केला आणि 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळवला. अशा शिबिरांत दुपारची झोप हा सरावाचाच भाग असतो. आपल्या घरात तिला आळस म्हणतात.

रविवारी पंचवीस किलोमीटर धावून मी घरी येई, तेव्हा ओट्यावर कुकर वाट पाहत असे. दादाकडे अठ्ठावीस किलोमीटर धावून आले, त्या दिवशी वहिनीने पुढ्यात उपमा ठेवला आणि म्हणाली, "खाऊन झोप. स्वयंपाकघरात पाऊल टाकू नकोस." मला झोप लागेना. दिवसाढवळ्या आडवे होण्याची लाज वाटत होती. दोन दिवसांनी मात्र मी सलग दोन तास झोपले आणि दुसऱ्या सकाळी पाय हलके झाले होते.

एक गोष्ट मात्र मनाला टोचत होती. माझे माहेरपण वहिनीच्या सासरी चालले होते. मी झोपे, ती राबे. हे मी जेवताना बोलून दाखवले. त्यानंतर दादा रोज सकाळी कोपऱ्यावरच्या दर्शिनीतून इडल्या आणू लागला आणि वहिनीही तासभर पडू लागली.

बेळगावचे फडेप्पा चौगुले 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. स्त्रियांना ऑलिंपिकमध्ये हे अंतर धावू द्यायला 1984 साल उजाडले. त्यांच्या शरीराला ते झेपणार नाही, असे सांगितले जाई. शरीराला झेपते, हे मी अनुभवाने सांगते. धावून आल्यावर तिला पडू देणे हे घराला झेपते का, हा प्रश्न येथे बसलेल्या पालकांना मी विचारते, कारण आपल्या मुलीही आता पटांगणावर उतरू लागल्या आहेत.

परतल्यावर मी घरात सांगून टाकले की रविवारी अकरापर्यंत माझ्या खोलीचे दार बंद राहील. मुलाने आणि त्याच्या बाबांनी खिचडीचा भार उचलला. जानेवारीत मी पाच तास एकवीस मिनिटांत शर्यत पूर्ण केली. त्याआधीच्या रविवारांपैकी दोन रविवारी खिचडी करपली. वास खोलीपर्यंत आला. मी उठले नाही.