शेजारधर्म आणि आपला विणकर समाज

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात बिलोली येथे झालेले भाषण)



मार्कंडेय महामुनींस वंदन करून आम्ही चार शब्द बोलण्यास उभे आहोत. शिष्यवृत्ती, वसतिगृह, वधूवर-परिचय हे आपल्या मेळाव्याचे नेहमीचे विषय. ते व्हावयासच हवेत. आज मात्र एक निराळा विषय आपल्यापुढे ठेवण्याची अनुज्ञा असावी.

गेल्या वर्षी मार्कंडेय जयंतीच्या बैठकीत एका होतकरू तरुणाने सूचना मांडली की, शेजारच्या मोहल्ल्यातील मुसलमान मंडळींस प्रतिवर्षी प्रसादाचे निमंत्रण जाते, ते यापुढे बंद करावे. ‘त्यांच्या बापजाद्यांनी काय केले, ते मराठवाडा विसरलेला नाही,’ असे तो म्हणाला. त्यास कोणी दुजोरा दिला नाही, तसे कोणी उत्तरही दिले नाही. निमंत्रण गेले, पण उशिरा गेले, आणि नेहमीच्या मंडळींपैकी निम्मीच आली. त्या बैठकीत गप्प बसलेल्यांत आम्हीही होतो. तेव्हा न दिलेले उत्तर आज द्यावे, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम हे मान्य करू की, त्या तरुणाच्या मनातील सल निराधार नाही. 1946 साली याच बिलोली तालुक्यात, अर्जापूरजवळ, गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. पुढील दोन वर्षांत रझाकारांनी जो उच्छाद मांडला, त्याच्या कथा आपल्या घराघरांतून ऐकावयास मिळतात. त्यांचा पुढारी कासीम रझवी हा तर लातुरात वकिली केलेला गृहस्थ. ही स्मृती पुसून टाका, असे कोणी सांगू लागल्यास आम्ही ते ऐकणार नाही. हुतात्म्यांचे ऋण विसरून झालेला सलोखा टिकाऊ होत नसतो.

परंतु ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी आपण मुलांस सांगत नाही.

ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांस ठार मारण्यात आले. त्यांचा अपराध कोणता? हैदराबाद संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे ते निर्भयपणे लिहीत होते. म्हणजे त्या लढ्यात मुक्तीच्या बाजूने रक्त सांडले, ते एकाच धर्माचे नव्हे.

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर खेडोपाडी सूडाची जी लाट उसळली, तिच्यात असंख्य निरपराध मुसलमान मारले गेले. पंतप्रधान नेहरूंनी चौकशीसाठी पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांचे मंडळ पाठविले. संस्थानभर 27 ते 40 हजार माणसे प्राणास मुकली असावीत, असा त्या मंडळाचा अंदाज होता. सर्वाधिक झळ पोहोचलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि आपला नांदेड. हा अहवाल दीर्घकाळ दप्तरात पडून होता. 2013 साली दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो लोकांस पाहावयास मिळू लागला.

त्या दुःखद अहवालात एक गोष्ट अशी आहे की, ती वाचून आपल्या समाजाची मान उंचावी. अनेक ठिकाणी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांस आसरा दिला, हे सांगून अहवाल विणकरांचा वेगळा उल्लेख करतो. काही ठिकाणी हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या रक्षणासाठी स्वधर्मीयांच्याच विरुद्ध उभे राहिले, आणि त्यापायी काहींनी प्राणही गमावले.

बंधूंनो, हे विणकरांच्याच हातून का घडले असावे? आमच्या मते त्याचे कारण मागावर आहे. आपला पद्मशाली आणि शेजारचा मोमीन हे एकाच सुताच्या भावावर जगत. सूत महागले की दोघांच्याही घरची चूल मंदावे; फणी मोडली, धोटा अडला तर एकमेकांचे दार ठोठवावे लागे. एकाचा देव दुसऱ्याने मानला नाही. परंतु त्याची भूक मात्र त्यास ठाऊक होती. धर्मचर्चा कधी झालीही नसेल. ओळख मात्र रोज होत होती.

आज मागाचे खड्डे बुजले. आपली मुले नोकरीस लागली, कोणी सोलापूर, कोणी भिवंडी गाठली. रोजची गाठ सुटली आणि शेजाऱ्याची वार्ता आता मोबाइलवरून, परक्याच्या तोंडून येते. पूर्वी धंद्यामुळे जे आपोआप घडे, ते आता जाणूनबुजून घडवावे लागेल.

तसे घडविता येते, याचा दाखला भिवंडीत आहे. हातमाग-यंत्रमागाच्या त्या गावात 1970 व 1984 साली भीषण दंगली झाल्या. पुढे सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यांनी मोहल्ला समित्या स्थापून दोन्ही धर्मांच्या सामान्य माणसांस नियमाने एकत्र बसविले. ते नळाचे, गटाराचे, पोरांच्या भांडणांचे बोलत. 1992-93 साली मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. संकट आल्यावर ओळख करून घेण्यास अवधी नसतो. ती आधीच असावी लागते.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. 17 सप्टेंबरला झेंडावंदनानंतर मुलांस गोष्ट सांगाल, ती पुरी सांगा: पानसऱ्यांची, शोएबुल्लांची आणि शेजाऱ्यासाठी मेलेल्या विणकरांचीही. दुसरे, शेजाऱ्याविषयी वाईट वार्ता आली तर ती पुढे धाडण्यापूर्वी त्याच्या दारी जाऊन विचारा. तिसरे, यंदा जयंतीचे निमंत्रण आठ दिवस आधी जावे, आणि ते घेऊन तो तरुण व आम्ही मिळून जावे. त्याने येण्याचे कबूल केले आहे. चहा मात्र आम्ही पाजावा, ही त्याची अट आहे, आणि ती आम्हांस मान्य आहे.

मार्कंडेय महामुनी आपणां सर्वांस सद्बुद्धी देवोत.