मातीची मूळ नोंद : नैसर्गिक किरणोत्सर्गाचे मोजमाप



किरणोत्सर्ग हा शब्द उच्चारताच अणुबाँब आणि अणुभट्टी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. गेल्या शतकाचा इतिहास पाहता त्यात नवल नाही. तथापि मानवाने अणुभट्टी उभारण्यापूर्वी कोट्यवधी वर्षे ही भूमी किरणोत्सर्गी होतीच. खडकांतील युरेनियम व थोरियम, अन्नातील पोटॅशियम, अंतराळातून अहोरात्र येणारे विश्वकिरण आणि जमिनीतून झिरपणारा रेडॉन वायू, या चौघांपासून कोणाचीही सुटका नाही. प्रौढ माणसाच्या शरीरातील पोटॅशियममध्येच दर सेकंदास सुमारे चार हजार अणूंचे विघटन होत असते. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीने काढलेली जागतिक सरासरी अशी की, माणसाला निसर्गाकडून वर्षाकाठी २.४ मिलिसिव्हर्ट इतकी मात्रा मिळते. त्यातील जवळजवळ निम्मा वाटा एकट्या रेडॉनचा असतो.

परंतु सरासरीवरून एखाद्या गावाचे अनुमान काढता येत नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणात युरेनियम व थोरियम अल्प प्रमाणात असल्याने महाराष्ट्राच्या पठारावर जमिनीतून येणारा किरणोत्सर्ग कमी असतो; ग्रॅनाइटच्या प्रदेशात तो वाढतो. उंचीनुसार विश्वकिरणही वाढतात. व्हिक्टर हेस या शास्त्रज्ञाने १९१२ साली बलूनमधून पाच किलोमीटरहून अधिक उंची गाठून हेच दाखवून दिले. आणि केरळच्या किनाऱ्यावर तर सर्व हिशेबच निराळा आहे.

कोल्लमच्या उत्तरेस चवरा, नींदकरा, पन्मना, आलप्पाड या पंचायतींच्या हद्दीत समुद्र काळसर वाळू आणून टाकतो. तिच्यात मोनाझाइट हे थोरियमयुक्त खनिज असते. १९०९ मध्ये त्रावणकोरहून जर्मनीस गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत शोंबर्ग नावाच्या रसायनज्ञाला ते प्रथम आढळले. त्या वेळी मोनाझाइटला मागणी होती ती गॅसबत्तीच्या जाळीसाठी. वाळूच्या मोलाची अशी प्रसिद्धी झाली. तिच्यावर पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या कोळी व काथ्याकाम करणाऱ्या कुटुंबांच्या प्रकृतीचा प्रश्न मात्र पुष्कळ उशिरा विचारला गेला.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राने १९९० पासून करुनागप्पळ्ळी तालुक्यात घरोघर पाहणी केली. सर्वेक्षक हाती मापक यंत्र घेऊन सत्तर हजारांवर घरांत गेले, घराच्या आत आणि बाहेर मोजमाप केले, आणि कुटुंबातील प्रत्येकाची माहिती नोंदविली. घरात व बाहेर कोण किती वेळ असतो, याचाही वय व स्त्री-पुरुषभेद लक्षात घेऊन हिशेब केला. कारण दिवसभर किनाऱ्यावर असणारा मच्छीमार आणि चुलीपाशी असणारी गृहिणी यांना मिळणारी मात्रा एकच नसते. बाहेरील मोजमापाचा मध्य वर्षास ४ मिलिग्रेहून अधिक आला. काही ठिकाणी तो ७० मिलिग्रेपर्यंत चढला. ३० ते ८४ वर्षे वयाच्या ६९,९५८ व्यक्तींची सरासरी साडेदहा वर्षे माहिती ठेवण्यात आली. २००५ अखेर त्यांच्यात कर्करोगाचे १,३७९ रुग्ण आढळले. परंतु ज्यांना जमिनीतून अधिक मात्रा मिळाली त्यांच्यात हे प्रमाण अधिक असल्याचे दिसून आले नाही. हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

यावरून किरणोत्सर्ग निरुपद्रवी आहे असा अर्थ काढणे मात्र चुकीचे होईल. बंद, हवा न खेळणाऱ्या जागेत साचलेल्या रेडॉनमुळे फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, हे खाणकामगारांच्या व घरांच्या अभ्यासातून सिद्ध झाले आहे. चवऱ्याच्या पाहणीने एका प्रदेशाच्या एका प्रश्नाचे उत्तर दिले, तेही घरोघर मोजणी झाली म्हणून.

मोजणीची साधने साधी दिसतात. गायगर गणित्र किंवा सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाचे यंत्र जमिनीपासून एक मीटर उंचीवर धरून त्या क्षणाचा आकडा मिळतो. पण एका क्षणाच्या आकड्यावर विसंबता येत नाही. जोराच्या सरीबरोबर हवेतील रेडॉनपासून झालेले कण खाली येतात आणि आकडा काही काळ वर जातो. जमीन भिजली की मातीतून येणारे किरण काहीसे अडतात. पावसाळ्यातील लाटा चवऱ्याच्या किनाऱ्यावरील वाळूच बदलून टाकतात. यासाठी डिस्प्रोसियमचा अंश मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या काही महिने एका जागी ठेवतात. चकतीत साठलेली मात्रा ती तापविली असता प्रकाशरूपाने बाहेर पडते व मोजता येते. रेडॉनसाठी घरात विशिष्ट फिल्म टांगतात. तिच्यावर उमटलेल्या खुणा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठळक करून मोजतात. आपल्या देशात भाभा अणुसंशोधन केंद्राने अशा पाहण्या केल्या असून, ठिकठिकाणी अखंड नोंद घेणाऱ्या स्वयंचलित केंद्रांचे जाळेही उभारले आहे.

शांततेच्या दिवसांत ही नोंद कशासाठी, हे १९८६ साली स्वीडनमध्ये दिसून आले. २८ एप्रिल रोजी फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कामगाराच्या बुटांवर किरणोत्सर्ग आढळला. प्रथम गळतीचा संशय त्याच केंद्रावर आला. परंतु देशात इतरत्रही यंत्रांचे आकडे नेहमीपेक्षा चढलेले होते आणि वारा आग्नेयेकडून येत होता. हजार किलोमीटरहून दूर असलेल्या चेर्नोबिलची दुर्घटना सोव्हिएत सरकारने त्या दिवशी सायंकाळी जाहीर केली. नेहमीचा आकडा ठाऊक नसता, तर चढलेला आकडा ओळखायचा कसा? उलटपक्षी, ज्या गावाची माती मुळातच अधिक किरणोत्सर्गी आहे, तेथे जुनी नोंद नसेल तर कोणीही यंत्र दाखवून लोकांना भयभीत करू शकेल.

म्हणून पाहणीचे पथक गावात आल्यास शाळेची एखादी खोली, समाजमंदिर आणि मातीची, कौलारू व सिमेंटची अशी निरनिराळी घरे त्यास दाखवावीत. दिलेली चकती वा फिल्म कोणी कुतूहलाने उघडून पाहणार नाही, धुणार नाही किंवा चुलीजवळ नेणार नाही, एवढी दक्षता घ्यावी. घर सारवले, फरशी बसविली किंवा बाहेरून वाळू आणून टाकली, तर तेही सांगावे. त्या वहीत आकड्याच्या शेजारी या गोष्टीसाठी रकाना असतो.