प्रज्ञा : अक्षर एक, उच्चार दोन

(तिलवारा, जबलपूर येथे भाचीच्या नामकरणानंतर जमलेल्या मंडळींसमोर केलेलं भाषण)



वंदना झाली, खीर वाटून झाली, आत्या म्हणून नाव ठेवण्याचा मान मला मिळाला. प्रज्ञा हे नाव सगळ्यांना आवडलं. अडलंय ते इंग्रजी स्पेलिंगवर. जन्माची नोंद झाली आहे, पण नावाचा रकाना अजून कोरा आहे. घरात दोन पक्ष पडलेत. धाकटा भाऊ म्हणाला, ‘ताई, आज सगळे जमलेत, तूच बोल.’ म्हणून बोलते. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण आपापल्या घरातले पहिले पदवीधर आहेत. फॉर्मवरच्या एका अक्षराची किंमत तुम्हाला वेगळी सांगायला नको.

आधी वाद काय आहे ते पाहू. भावाचं म्हणणं, पी-आर-ए-जी-वाय-ए लिहा. इथे सगळे ‘प्रग्या’ म्हणतात. शाळेत, बँकेत कुणी अडणार नाही. आई म्हणते, आम्ही नागपूरची माणसं, नात आमची ‘प्रद्न्या’. म्हणजे पी-आर-ए-डी-एन-वाय-ए. एम.ए. करणारा आमचा भाचा तिसरंच सांगतो. पुस्तकात पी-आर-ए-जे-एन-ए असतं, तेच शुद्ध.

आता बघा. ज्ञ हे अक्षर ज आणि ञ मिळून झालं. मराठी माणूस ते ‘द्न्य’ म्हणतो, हिंदी माणूस ‘ग्य’ म्हणतो. गुजराती माणूस ज्ञान हा शब्द इंग्रजीत जी-एन घालून लिहितो. पालीत तर हा जोडच मोडून ‘पञ्ञा’ झालं. बुद्धाचा धम्म ज्या भाषेत जपला गेला तिथे ना ‘द्न्य’ आहे ना ‘ग्य’. तेव्हा शुद्ध कोण आणि अशुद्ध कोण? देवनागरीत लिहिलं की भांडणच उरत नाही. नागपूरच्या आजीने ‘प्रज्ञा’ वाचावं आपल्या जिभेने, जबलपूरच्या शेजारणीने वाचावं आपल्या जिभेने. रोमन लिपीत मात्र एक बाजू घ्यावी लागते.

शुद्ध या शब्दाची मला भीती वाटते, कारण त्याच्या पाठीमागे कायम कुणीतरी अशुद्ध ठरवलेला उभा असतो. आपली आजी ‘पानी’ म्हणायची. मराठीच्या वर्गात त्याला गावंढळ म्हणून हसतात. नर्मदेच्या या काठावर तोच ‘पानी’ शुद्ध हिंदी होतो. शब्द तोच, बोलणारी तीच. मग हसणारा नेमका कशाला हसत होता? उच्चाराला की बोलणाऱ्या बाईला?

उलटा अनुभवही आहे. माझ्या आडनावात ळ आहे. हिंदीत तो चालत नाही, म्हणून एका शाळेत तो ल झाला. पुढे इंग्रजीत एका कागदावर एक एल, दुसऱ्यावर दोन एल. नोकरीच्या वेळी ‘ही दोन नावं एकाच व्यक्तीची आहेत’ असं स्टँपपेपरवर लिहून द्यावं लागलं. जातीचा दाखला, गुणपत्रिका आणि आधार यांतल्या एका अक्षराच्या फरकाने आपल्या कितीतरी मुलांची शिष्यवृत्ती अडते. म्हणून भावाची काळजी मी उडवून लावत नाही.

पण त्याची काळजी एवढीच नाही. परवा रात्री तो म्हणाला, ‘प्रग्या नाव सगळ्या जातींत असतं. त्यात ती मिसळून जाईल. डी-एन-वाय पाहिलं की लोक विचारतात, महाराष्ट्राच्या का? मग आडनाव विचारतात. मग चेहरा बदलतो.’ हे भित्र्या माणसाचं बोलणं नाही, थकलेल्या माणसाचं आहे. मुलीच्या वाट्याला ते प्रश्न येऊ नयेत असं बापाला वाटणारच.

याला उत्तर द्यायचं तर नावांचा इतिहास बघावा लागेल. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावांचे नियम आहेत. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलवाचक, वैश्याचं धनवाचक आणि शूद्राचं निंदा दाखवणारं. त्याच अध्यायात पुढे स्त्रीच्या नावाचा नियम आहे : ते सुखाने उच्चारता यावं, कोमल असावं, शेवटी दीर्घ स्वर असावा. म्हणजे शूद्राने नावातही अपमान वागवायचा आणि बाईने नावातही दुसऱ्याची सोय बघायची. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे पुस्तक जाळलं गेलं, ते हेच.

आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत कचरू, धोंडू, दगडी ही नावं घरोघरी होती. काही नावं मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणूनही ठेवलेली असत. पण चांगलं नाव असलं तरी गावाने ते पूर्ण घेतलं नाही. साठ वर्षांच्या माणसाला पाटलाचं दहा वर्षांचं पोर ‘धोंड्या’ म्हणून हाक मारायचं. नाव तोडणं ही जातीची रोजची शिक्षा होती. मुलींची तर आणखी वेगळी. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात पावणेतीनशेहून अधिक मुलींचं नाव जाहीर कार्यक्रमात बदलावं लागलं, कारण त्यांची नावं ‘नकुशा’ होती. नको असलेली. शाळेच्या हजेरीत रोज तोच शब्द, आणि पोरीने ‘हजर’ म्हणायचं.

गोड नावही दुसऱ्याने लादलं तर ते आपलं होत नाही. याच तिलवारा घाटावर १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचं विसर्जन झालं. त्यांनी आपल्याला ‘हरिजन’ नाव दिलं, प्रेमाने दिलं असेल. पण १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत ते नाव कायद्यात घालायचं ठरलं, तेव्हा बाबासाहेब आपल्या पक्षाच्या सदस्यांसह सभागृहाबाहेर पडले. ज्याचं नाव आहे त्याला न विचारता ते ठरवू नका, एवढाच तो मुद्दा होता.

खुद्द बाबासाहेबांच्या नावाचं बघा. मराठीत आंबेडकर, हिंदीत सर्रास ‘अंबेडकर’. २०१८ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने आदेश काढून सरकारी नोंदींत ‘भीमराव रामजी आंबेडकर’ करायला सांगितलं. ‘आ’ बरोबर होता, आणि मराठी रीतीप्रमाणे वडिलांचं नाव मध्ये येणंही बरोबर होतं. तरी अनेकांनी विचारलं, आत्ताच ‘रामजी’ का आठवले? अक्षरं बरोबर असली तरी ती कोण लिहितोय आणि कशासाठी, हा प्रश्न उरतोच.

म्हणून मला वाटतं, स्पेलिंग ठरवताना दोन प्रश्न विचारावेत. पहिला : या मुलीला घरात काय म्हणून हाक मारणार? वहिनी पांढुर्ण्याची. ती पहिल्या दिवसापासून ‘प्रद्न्या’ म्हणते. जिने नऊ महिने वाढवलं तिच्या तोंडचा उच्चार कागदावर यावा. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आधी लावायचं ठरलं. आपण निदान आईचा उच्चार लावू. दुसरा प्रश्न : हे स्पेलिंग आपण आवडीने निवडतोय की भीतीने? भावा, जी-वाय लिहून जात झाकली जाणार नाही, आडनाव मागून येतंच. आणि झाकण्याचं काम आपण आज तिच्यावर सोपवलं, तर ती ते आयुष्यभर करत राहील. तुला मनापासून ‘प्रग्या’ आवडत असतं तर मी हट्ट धरला नसता.

मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, डी-एन-वाय. माझ्या दृष्टीने वाद मिटला.

नाव अवघड आहे, इथल्या जिभेला जड जाईल, असं कुणी म्हणालं. जाऊ दे की. बाईचं नाव सुखाने उच्चारता यावं हा नियम आपला नाही. मात्र ज्याच्या भाषेतच ‘ग्य’ आहे त्याने ‘प्रग्या’ म्हटलं तर तिने ओ द्यावी, त्यात अपमान नाही. ‘ए परगी’ म्हणून नाव तोडणाऱ्याला मात्र तिने थांबवावं. भाषेचा फरक आणि मुद्दाम केलेला उपमर्द तिला ओळखता आला पाहिजे. तेवढी प्रज्ञा हवीच. मे १९५६ मध्ये बीबीसीवरच्या भाषणात बाबासाहेबांनी बुद्धाच्या शिकवणीतली तीन तत्त्वं एकत्र सांगितली : प्रज्ञा, करुणा, समता. प्रज्ञा म्हणजे अंधश्रद्धा आणि दैवी चमत्कार यांच्या विरोधात उभी राहणारी समज. पुढच्या दोघी घरात कधी येतील ते वहिनीने ठरवावं.

आता कामाचं. जन्मनोंदणीत बाळाचं नाव पहिल्या बारा महिन्यांत शुल्काशिवाय घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. पण वाट बघू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच जन्मतारखेचा पुरावा आहे. त्यावरचं नाव पुढे सगळीकडे जाणार. ऑनलाइन फॉर्ममध्ये इंग्रजी टाकलं की हिंदी रकाना आपोआप भरतो. तिथे ‘प्रदन्या’ असं काहीतरी उमटेल. ते पुसून हाताने ‘प्रज्ञा’ लिहा. दाखला हातात आला की खिडकी सोडण्याआधी दोन्ही लिपींत एकेक अक्षर वाचा.

आपल्या आईवडिलांची नावं मास्तराने, तलाठ्याने, कारकुनाने जशी ऐकली तशी लिहिली. त्यांनी अंगठा दिला, कारण वाचता येत नव्हतं. तुम्हाला वाचता येतं. तुमच्या घरात, वस्तीत पुढचं मूल जन्मेल तेव्हा फॉर्म भरायला तुम्ही जा. आणि भरण्याआधी त्याच्या आईला विचारा, तू याला काय म्हणतेस?

जय भीम.