नोकराचा सदरा आणि भिंतीतली खिडकी
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयोजकांचा निरोप होता, "तू आयटीत आहेस, एआयवर बोल." पण त्या विषयावर बोलणारे आपल्या बॅचमध्ये निदान दहा जण आहेत आणि जेवताना ते बोलणारच आहेत. म्हणून परवानगी काढून मी दुसरा विषय घेतला. आज मी एका नोकरदार माणसाबद्दल बोलणार आहे. हिंदीतले कवी आणि कादंबरीकार विनोद कुमार शुक्ल.

त्यांचा जन्म १ जानेवारी १९३७ चा, राजनांदगावचा. हावड्याकडे जाणारी गाडी नागपूर, गोंदिया मागे टाकून छत्तीसगडात शिरली की हे गाव लागतं. शुक्लांचं शिक्षण शेतीशास्त्राचं, तेही जबलपूरला. पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांनी कृषी शिक्षणातच नोकरी केली. घर रायपूरला. दिल्ली-मुंबईला मुक्काम हलवावा, साहित्यिकांच्या वर्तुळात ऊठबस ठेवावी, असं त्यांनी केलं नाही.

या माणसाच्या गोष्टीत एक शिक्षक आहेत, आणि समोर आपले सर-बाई बसलेत म्हणून ते आधी सांगते. १९५८ साली गजानन माधव मुक्तिबोध राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आले. मुक्तिबोध हिंदीतले फार मोठे कवी, पण घर मराठी. मराठीतले कवी-कादंबरीकार शरच्चंद्र मुक्तिबोध हे त्यांचे धाकटे भाऊ. विशीतले शुक्ल आपल्या कविता घेऊन त्यांच्याकडे गेले. मुक्तिबोधांच्या पुढाकारानं त्यातल्या काही 'कृति' या मासिकात छापून आल्या. एका पोराची वही एका मोठ्या माणसानं वेळ काढून वाचली, एवढंच घडलं. मुक्तिबोध १९६४ मध्ये गेले. शुक्लांची पहिली पुस्तिका 'लगभग जयहिंद' निघाली १९७१ मध्ये. तोवर त्यांनी चौतिशी गाठली होती.

१९७९ मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली, 'नौकर की कमीज'. संतू बाबू नावाचा एक कारकून आहे. भाड्याचं घर पावसात गळतं, पगार पुरत नाही. त्याच्या साहेबानं आदर्श नोकर कसा असावा याची कल्पना करून एक सदरा शिवून घेतलेला आहे. सदरा तयार आहे, आता त्यात बसेल असा माणूस हवा. आणि तो सदरा संतू बाबूच्या अंगावर चढवला जातो. बरोबर मापाचा निघतो.

मित्रांनो, आमच्या क्षेत्रात माणसाला 'रिसोर्स' म्हणतात. प्रोजेक्टसाठी किती रिसोर्स लागतील, कुठल्या अनुभवाचे, किती पगाराचे, हे आधी एक्सेलमध्ये ठरतं आणि मग त्या रकान्यात बसणारी माणसं शोधली जातात. काम नसलं की माणूस 'बेंचवर' जातो. शाळेत आपण बाकावर बसायचो तेव्हा शेजारी मैत्रीण असायची; त्या बेंचवर शेजारी कुणी नसतं. मीसुद्धा असे रकाने भरले आहेत, ते माझं काम आहे. पण संतू बाबू वाचल्यावर एक प्रश्न डोक्यातून जाईना: सदरा माझ्या मापाचा शिवला होता, की वीस वर्षांत मीच त्या मापाची झाले?

ही गोष्ट फक्त आयटीची नाही. बँकेत, दवाखान्यात, झेडपीत, दुकानात, स्वयंपाकघरात, सगळीकडे कुणीतरी आधीच शिवून ठेवलेला सदरा असतो. कादंबरीत संतू बाबूच्या बायकोलाही डॉक्टर घरमालकाच्या घरची कामं हळूहळू चिकटतातच.

शुक्ल एवढ्यावर थांबले असते तर मी आज तुम्हाला ही कंटाळवाणी दुःखं सांगत बसले नसते. पहिल्या कादंबरीनंतर सतरा वर्षं गेली. त्या काळात कविता येत राहिल्या. 'सब कुछ होना बचा रहेगा' हा संग्रह १९९२ चा. मग १९९६ आणि १९९७ मध्ये पाठोपाठ दोन कादंबऱ्या आल्या. त्यातली दुसरी 'दीवार में एक खिड़की रहती थी'. तिला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मणि कौल यांनी 'नौकर की कमीज'वर चित्रपटही केला.

या कादंबरीत रघुवर प्रसाद हा गणिताचा प्राध्यापक आहे. (गणिताच्या सरांनी लक्ष द्यावं!) नवीन लग्न, बायकोचं नाव सोनसी, एकच खोली. कॉलेजला जायला टेम्पो मिळेना, तर एक साधू त्याला आपल्या हत्तीवर बसवून नेतो. आणि त्या खोलीच्या भिंतीत एक खिडकी आहे. नवरा-बायको तिच्यातून पलीकडे उतरतात, तर तिथे नदी, तळं, झाडं आणि चहा देणारी एक म्हातारी. शीर्षकाकडे बघा. खिडकी 'होती' असं ते म्हणत नाहीत, खिडकी 'राहत होती' म्हणतात. जणू त्या खोलीत राहणारी ती तिसरी व्यक्ती.

कुणी म्हणेल, ही तर पळवाट झाली. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण रघुवर प्रसाद पळून जात नाही. तो परत खोलीत येतो, दुसऱ्या दिवशी वेळेवर कॉलेजला जातो, त्याच पगारात घर चालवतो. खिडकीमुळे त्याची गरिबी कमी होत नाही. फक्त सगळा माणूस गरिबीत खर्च होत नाही. स्वतः शुक्ल तसेच जगले, असं मला वाटतं. नोकरी केली, संसार केला आणि रोजच्या साध्या शब्दांसाठी भिंतीत जागा ठेवली. म्हातारपणी तर ते मुलांसाठी लिहू लागले.

मानसन्मान उशिरा आले. २०२३ मध्ये अमेरिकेचा पेन/नाबोकोव्ह पुरस्कार, आणि २०२४ चा ज्ञानपीठ. छत्तीसगडला मिळालेलं हे पहिलं ज्ञानपीठ. २३ डिसेंबर २०२५ ला ते रायपूरमध्ये गेले. वय ८८.

आपल्या शाळेच्या हस्तलिखितात लिहिणारे सहा-सात जण आज इथे आहेत. मघाशी त्यांना विचारलं, तर सगळ्यांचं उत्तर एकच: "आता कुठला वेळ!" वेळ खरंच नाही, मला माहीत आहे. हप्ते आहेत, मुलांचे क्लास आहेत, आईवडिलांची औषधं आहेत. पण पहिल्या कादंबरीपासून दुसरीपर्यंत सतरा वर्षं लागलेल्या माणसाला कुणी 'संपला' म्हणालं असतं, तर ते किती चुकलं असतं! आपली तर अजून चाळिशीच चालू आहे.

या दोन्ही कादंबऱ्या मी शाळेच्या ग्रंथालयासाठी आणल्या आहेत. नववी-दहावीच्या मुलांना कळेल अशी त्यांची हिंदी आहे. आणि सर-बाईंना एक विनंती: एखादं पोर वही घेऊन आलं, तर पाच मिनिटं काढून ती वाचा. तुम्ही आमच्या वाचल्या होत्या.