प्रश्न विचारणारं शीर्षकगीत

ऐतिहासिक मालिकेचं शीर्षकगीत म्हटलं की तुताऱ्या आणि जयजयकार आठवतो. श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ १९८८ साली दूरदर्शनवर आली, ती मात्र ऋग्वेदातलं नासदीय सूक्त घेऊन. हिंदी अनुवाद वसंत देव यांचा, संगीत वनराज भाटिया यांचं. ही सृष्टी आली कुठून, हे कोण सांगणार, असं ते सूक्त विचारतं.

आमच्या भिगवणला उजनीच्या काठी उभं राहिलं की पैलतीरी अहिल्यानगर जिल्हा. मालिकेमागचं पुस्तक पंडित नेहरूंनी १९४४ साली तिथल्याच भुईकोट किल्ल्यात, कैदेत असताना लिहिलं.

हल्ली इतिहासावरून माणसं चटकन हातघाईवर येतात. अशा वेळी मला हे गीत मुलांना मुद्दाम ऐकवावंसं वाटतं. जयजयकार त्यांना येतोच. शंका विचारायलाही आपल्याकडे जुनी मुभा आहे, हे त्यांना कळायला हवं.